फ्रांचाकोर्ता: बाटली निवडण्यापासून पेला भरण्यापर्यंत

इटलीची फेसाळ वाईन म्हटले की बहुतेकांना प्रोसेक्को आठवते. प्रोसेक्कोतील बुडबुडे बहुतांशी मोठ्या पोलादी टाक्यांत, काही आठवड्यांत तयार होतात आणि ताज्या फळाचा हलका स्वाद हाच तिचा गुण मानला जातो. लोम्बार्दीतील फ्रांचाकोर्ता ही वेगळ्या जातकुळीची वाईन आहे. तिचे दुसरे किण्वन, म्हणजे यीस्टने साखर आंबवण्याची बुडबुडे देणारी प्रक्रिया, प्रत्येक बाटलीत स्वतंत्रपणे होते आणि त्यानंतर ती बाटली किमान दीड वर्ष, काही प्रकारांत पाच वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ, तळघरात मुरत पडून राहते. म्हणूनच ही वाईन घेताना उत्पादकाचे नाव आणि किंमत पाहण्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात: बाटली किती काळ मुरली आणि शेवटी तिच्यात साखर किती राहिली. दोन्हींचा अंदाज लेबलावरून बांधता येतो, मात्र त्यासाठी ही वाईन कशी तयार होते हे थोडे ठाऊक असावे लागते.

प्रदेशाची ओळख करून घ्यावी

मिलानच्या पूर्वेला ब्रेशा शहर आणि इझेओ सरोवराचा दक्षिण किनारा यांच्या दरम्यानच्या टेकड्यांना फ्रांचाकोर्ता म्हणतात. हिमयुगात उत्तरेकडील खोऱ्यातून सरकत आलेल्या हिमनदीने दगडगोटे, वाळू आणि बारीक माती येथे आणून टाकली आणि त्यातून अर्धवर्तुळाकार टेकड्यांची ही रांग तयार झाली. दक्षिणेच्या कडेला मोंते ओर्फानो हा डोंगर आहे. सरोवरामुळे हिवाळा आणि उन्हाळा दोन्ही थोडे सौम्य होतात, तर वाल कामोनिका खोऱ्यातून येणाऱ्या थंड वाऱ्यामुळे द्राक्षांतील आंबटपणा टिकून राहतो. फेसाळ वाईनला हा आंबटपणा अत्यावश्यक असतो, म्हणून साध्या वाईनच्या द्राक्षांपेक्षा येथील द्राक्षे लवकर, बहुधा ऑगस्टमध्येच, आणि हातानेच तोडली जातात.

शार्दोने हे येथील मुख्य वाण आहे. त्याच्या जोडीला काळे पिनो नेरो आणि पांढरे पिनो बियांको ही द्राक्षे असतात. एर्बामात हे ब्रेशा भागातील जुने, उशिरा पिकणारे आणि चांगले आंबट वाण २०१७ पासून दहा टक्क्यांपर्यंत वापरण्यास परवानगी मिळाली आहे. उन्हाळे तापत चालले असताना हा निर्णय दूरदृष्टीचा वाटतो.

ब्रेशाचा वैद्य जेरोलामो कोंफोर्ती याने १५७० मध्येच जिभेला चावणाऱ्या वाईनविषयी लिहिले होते, याचा दाखला तेथे अभिमानाने दिला जातो. तो खरा आहे, पण आजच्या वाईनचा आरंभ १९६१ चा मानणेच योग्य ठरेल. त्या वर्षी गुइदो बेर्लुक्की यांच्या तळघरात फ्रांको झिलियानी या तरुण वाईनतज्ज्ञाने पहिली फेसाळ बाटली यशस्वीपणे तयार केली. १९६७ मध्ये या प्रदेशाच्या नावाला कायदेशीर संरक्षण मिळाले, १९९० मध्ये उत्पादकांचा संघ स्थापन झाला आणि १९९५ मध्ये फ्रांचाकोर्ताला 'डीओसीजी' हा इटलीतील सर्वोच्च दर्जा देण्यात आला. बाटलीत किण्वन होणाऱ्या इटालियन वाईनपैकी हा दर्जा मिळवणारी ती पहिली होती.

बाटलीच्या आत काय घडते ते समजून घ्यावे

आधी द्राक्षांच्या रसापासून साधी, बुडबुडे नसलेली, चांगलीच आंबट वाईन केली जाते. वसंत ऋतूत निरनिराळ्या बागांच्या वाईन चाखून त्यांचे मिश्रण ठरवले जाते आणि त्यात साखर व यीस्ट घालून बाटल्या भरल्या जातात. बाटलीला या टप्प्यावर बूच नसते, सोड्याच्या बाटलीवर असते तसे पत्र्याचे झाकण असते. यीस्ट साखर खाते, त्यातून थोडे अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो, आणि वायूला बाहेर पडण्यास वाट नसल्याने तो वाईनमध्येच विरघळतो. एका लिटरमागे सुमारे चार ग्रॅम साखरेतून एक वातावरण (दाब मोजण्याचे एकक, म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेइतका दाब) इतका दाब तयार होतो, त्यामुळे सहा वातावरण दाबासाठी साधारण चोवीस ग्रॅम साखर लागते. मोटारीच्या टायरमधील हवेच्या दुपटीहून अधिक असा हा दाब आहे.

साखर संपली की यीस्ट मरते आणि गाळ होऊन तळाशी बसते. वाईनचा खरा स्वाद घडतो तो यानंतर. मृत यीस्टच्या पेशी हळूहळू विरघळू लागतात आणि त्यातून भाजलेल्या पावाचा, लोण्याचा, सुक्यामेव्याचा गंध वाईनमध्ये उतरतो, तसेच तिचा तोंडातील स्पर्शही मऊ होतो. या कामाला घाई चालत नाही. पुढे बाटल्या तिरप्या ठेवून रोज थोड्या फिरवतात, म्हणजे गाळ मानेशी जमतो. पूर्वी हे काम सर्रास हाताने होत असे, आता बहुतेक ठिकाणी यंत्राने होते. शेवटी बाटलीची मान गोठवून झाकण उघडले जाते, आतील दाबाने गोठलेला गाळ बाहेर फेकला जातो, रिकामी जागा वाईनने आणि हवी तेवढी साखर घालून भरली जाते आणि मग बूच बसवले जाते.

नाशिक जिल्ह्यातही काही वायनरी याच पद्धतीने फेसाळ वाईन करतात आणि त्याआधी १९८० च्या दशकात नारायणगावला ती होऊ लागली होती, त्यामुळे ही प्रक्रिया पाहण्यासाठी मराठी वाचकाने इटलीलाच जावे असे नाही.

लेबल नीट वाचावे

लेबलावर रोमन लिपीत फ्रांचाकोर्ता हे नाव एकट्याने ठळकपणे असते, कारण प्रदेश, पद्धत आणि वाईन या तिन्हींसाठी तेच वापरले जाते. बुचाजवळ क्रमांक असलेली सरकारी पट्टी आहे ना, हे पाहून घ्यावे. त्यानंतर प्रकार पाहावा. वर्षाचा उल्लेख नसलेली साधी बाटली गाळावर किमान १८ महिने मुरलेली असते. सातेन आणि रोझे हे प्रकार किमान २४ महिने मुरतात. मिलेझिमातो म्हणजे निदान ८५ टक्के वाईन एकाच वर्षीच्या द्राक्षांची असलेली बाटली. तिला ३० महिने लागतात. रिझेर्वाला ६० महिने, म्हणजे पूर्ण पाच वर्षे लागतात.

यांपैकी सातेन हा फ्रांचाकोर्ताचा स्वतःचा प्रकार आहे. त्यात केवळ पांढरी द्राक्षे चालतात आणि दाब पाच वातावरणांच्या आत ठेवावा लागतो, त्यामुळे त्याचे बुडबुडे टोचत नाहीत, तोंडात अलगद पसरतात. फेसाळ वाईन जिभेला झोंबते अशी तक्रार असणाऱ्यांनी येथूनच सुरुवात करावी.

साखरेच्या शब्दांत मात्र फसगत होऊ शकते. दोसाज्जो झेरो म्हणजे लिटरमागे तीन ग्रॅमपर्यंत साखर, एक्स्ट्रा ब्रूट म्हणजे सहापर्यंत आणि ब्रूट म्हणजे बारापर्यंत. एक्स्ट्रा ड्राय हे नाव कोरडेपणा सुचवत असले तरी तीत बारा ते सतरा ग्रॅम साखर असते, म्हणजे ती ब्रूटपेक्षा गोडच असते. ड्राय आणि देमी-सेक त्याहून गोड. पहिल्यांदा घेणाऱ्याने वर्षाचा उल्लेख नसलेली ब्रूट किंवा सातेन निवडावी. साखर जवळजवळ नसलेली रिझेर्वा महाग असते आणि तिचा कोरडा, धारदार स्वाद सवय नसलेल्याला रुचेलच असे नाही.

मागच्या लेबलावर कधीकधी स्बोक्कातुरा या शब्दापुढे महिना आणि वर्ष दिलेले असते. गाळ काढून बूच बसवल्याची ती तारीख होय. साधी बाटली त्या तारखेपासून दोनेक वर्षांत प्यावी, हे बरे. इटलीहून परतताना बाटल्या आणायच्या असतील तर भारतात प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंतच मद्य शुल्काशिवाय आणता येते, हे ध्यानात ठेवावे; नेहमीच्या पाऊण लिटरच्या दोन बाटल्या त्यात बसतात, तिसरी बसत नाही.

थंड करून, आवाज न करता उघडावी

पिण्याच्या वेळी वाईनचे तापमान आठ ते दहा अंश सेल्सियस असावे; रिझेर्वा याहून किंचित कमी थंड चालते. बाटली फ्रिजमध्ये तीनेक तास ठेवावी, किंवा बर्फ आणि पाणी निम्मे-निम्मे घेतलेल्या बादलीत अर्धा तास बुडवावी. नुसत्या बर्फापेक्षा पाणी घातलेला बर्फ लवकर काम करतो, कारण पाणी बाटलीला सर्व बाजूंनी भिडते. फ्रीझरमध्ये बाटली ठेवून विसरल्यास ती फुटण्याचा धोका असतो. उघडण्यापूर्वी बाटली हलवू नये.

प्रथम वेष्टन काढावे. त्यानंतर अंगठा बुचावर दाबून धरूनच तारेची जाळी सैल करावी आणि यापुढे बुचावरचा हात क्षणभरही काढू नये. बाटली साधारण पंचेचाळीस अंशांत तिरपी धरावी, तिचे तोंड माणसांकडे किंवा काचेकडे नसावे. बूच घट्ट धरून दुसऱ्या हाताने बाटली तळाशी फिरवावी. बूच आपणहून वर येऊ लागते, तेव्हा त्याला ओढण्याऐवजी उलट थोडे रोखावे. शेवटी हलकासा 'फुस्स' असा आवाज झाला तर काम जमले. समारंभात बूच उडवून फेस उधळण्याची हौस असते खरी, पण वर्षानुवर्षे मुरवलेला वायू अशा रीतीने जमिनीवर सांडण्यात मला तरी काही शोभा दिसत नाही.

पेला, स्वाद आणि जेवण

उंच, अरुंद पेल्यात बुडबुडे छान दिसतात, परंतु गंध कोंडला जातो. खाली फुगीर आणि वर किंचित निमुळता असा पेला घ्यावा. साबणाचा अंश राहिल्यास फेस लगेच मरतो, म्हणून तो नुसत्या पाण्याने पुन्हा खळबळून घ्यावा. आधी थोडी वाईन ओतून फेस बसू द्यावा आणि मग अर्ध्याहून थोडा अधिक भरावा. पहिल्या घोटाआधी वास घ्यावा: प्रथम लिंबूवर्गीय फळे आणि पांढरी फुले, मागून पावाच्या खरपूस कडेचा गंध. दहा मिनिटांनी वाईन थोडी कोमट झाल्यावर पुन्हा वास घेतल्यास मुरण्याचा परिणाम अधिक स्पष्टपणे कळतो.

इझेओच्या काठी सरोवरातील मासे, विशेषतः क्लुसाने गावची भट्टीत भाजलेली तिंका मासळी, आणि ग्राना पादानोसारखे मुरलेले चीज हिच्याबरोबर खाल्ले जाते. तळलेल्या आणि खारट पदार्थांशी तिचे उत्तम जुळते, कारण आंबटपणा व बुडबुडे तेलकटपणा कापतात. त्या हिशेबाने तळलेले बोंबील किंवा कोथिंबीर वडीही शोभून दिसेल. फार तिखट रस्सा मात्र टाळावा, त्यापुढे तिचे बारकावे हरवतात. गोड मिठाईबरोबर ब्रूट आंबट लागते.

बाटली संपली नाही तर फेसाळ वाईनसाठी मिळणारे, मानेला पकडणारे झाकण लावून ती फ्रिजमध्ये उभी ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी संपवावी. तोंडात चमचा अडकवून ठेवल्याने वायू टिकत नाही. न उघडलेली बाटली अंधाऱ्या, थंड जागी ठेवावी. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत स्वयंपाकघरातील फडताळ ही त्यासाठी योग्य जागा नव्हे. तळघर किंवा वाईनचे कपाट नसेल तर तेवढे दिवस फ्रिजचा खालचा कप्पाच बरा.