बांधावरचा अडुळसा: ओळख, लावण आणि रस

अडुळशाची पाने तोडण्यापूर्वी झुडूप नीट ओळखून घ्यावे. पश्चिम घाटातली कारवी ज्या अकँथेसी कुळातली, त्याच कुळातले हे सदाहरित झुडूप असून वनस्पतिशास्त्रात त्याला जस्टिशिया अधाटोडा म्हणतात. भालाकार, टोकदार, 10 ते 20 सेंटिमीटर लांबीची पाने पेरावर समोरासमोर येतात आणि चुरगळल्यास उग्र वास देतात. तरीही शंका राहिल्यास फुलोऱ्याची वाट पाहावी; फूल पांढरे व दोन ओठांचे असते, खालच्या ओठावर जांभळट रेषा असतात आणि पुंकेसर दोनच असतात.

पान इतके कडू की गुरे सहसा त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून बांधावरच्या कुंपणाला यासारखे सोयीचे झुडूप क्वचितच सापडेल. पावसाळ्याच्या तोंडाशी पक्क्या फांदीचे तीन-चार पेरांचे तुकडे घेऊन, खालची दोन पेरे मातीत जातील अशा बेताने साधारण फूटभर अंतरावर लावावेत. पंचगंगेकाठच्या काळ्या रानात पाणी साचून मुळे कुजतात, त्यामुळे तिथे बांधाचा माथाच निवडावा. पन्हाळ्याकडच्या निचऱ्याच्या तांबड्या जमिनीत ही चिंता फारशी नसते. छाटणीचा पाला वाया न घालवता हिरवळीचे खत म्हणून शेतात गाडावा.

नुसती पाने कुटून रस फारसा निघत नाही. यासाठी आयुर्वेदात पुटपाकाची रीत आहे: वाटलेल्या पानांचा गोळा मोठ्या पानात गुंडाळून, वरून मातीचा लेप देऊन निखाऱ्यात भाजतात आणि मग पिळतात. घरी पाने थोडी वाफवून, वाटून, फडक्यातून पिळली तरी काम भागते. प्रौढाने दोन चमचे रस मधातून घेण्याची पद्धत आहे. पानांतील वासिसीन हे द्रव्य श्वासनलिका सैल करते, आणि कफ पातळ करणारे ब्रोमहेक्सिन हे आधुनिक औषध याच द्रव्याच्या धाग्याने तयार झाले. वासिसीनमुळे गर्भाशयाचे आकुंचन होते, म्हणून गरोदर स्त्रियांनी हा रस घेऊ नये.

रक्तपित्तावर, म्हणजे अंगातून रक्त पडण्याच्या विकारांवर, अडुळसा पूर्वापार देतात. परंतु थुंकीतून रक्त पडत असेल किंवा खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला असेल, तर रस काढत न बसता आधी सरकारी दवाखान्यात क्षयरोगासाठी थुंकी तपासून घ्यावी.