काळ्या जमिनीत कळलावी

कोकणात किनाऱ्यालगतच्या कुंपणांवर पावसाळ्यात चढणारी कळलावी जळगावच्या उन्हात टिकेल का, असं बरेच जण विचारतात. उन्हाची काळजी सोडा. मे महिन्यात पारा 45 वर जातो तेव्हा ही वेल जमिनीखाली झोपलेली असते. तिचा जीव घेतं ते काळ्या जमिनीत साचलेलं पाणी.

कंद रोपवाटिकेतूनच आणा. औषधासाठी कंद आणि बिया ओरबाडल्यामुळे रानातली कळलावी अनेक ठिकाणी विरळ झाली आहे. सातपुड्यात दिसली तर मोबाइल काढा, खुरपं नको. बियांपासूनही येते, पण फुलासाठी तीन-चार वर्षं थांबावं लागतं.

कंद हातात घेऊन नीट बघा. नांगरासारखा वाकडा असतो, म्हणूनच संस्कृतात तिला लांगली म्हणतात. प्रत्येक फाट्याच्या टोकाला एकच डोळा. तो मोडला की तो फाटा वाया गेला. बटाट्यासारखे तुकडे करायला जाऊ नका.

बारा इंची कुंडीच्या तळाशी विटांचे तुकडे घाला. वर माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत सारख्या प्रमाणात. मृगाचा चांगला पाऊस झाला की कंद आडवा ठेवून चार बोटं खोल पुरा. जमिनीत लावायचा असेल तर वीतभर उंच वाफा करा. कोंब दिसायला काही आठवडे लागतात. मधेच उकरून बघू नका, तो फार ठिसूळ असतो.

आधाराला जाड बांबू चालत नाही. पानाचं टोकच वळून आकडा होतं आणि ते बारीक काडीलाच पकडतं. वाळलेल्या पऱ्हाट्या किंवा तुराट्या रोवा, फुकटात काम होतं. पोळ्याच्या आसपास फुलं येतात: मागे वळलेल्या सहा कुरळ्या पाकळ्या, आधी पिवळट, मग लालभडक. काळ्या अंगावर पांढरे-लाल ठिपके असलेल्या अळ्या दिसल्या तर हातमोजे घालून वेचा. दोन दिवसांत वेल बोडकी करतात.

ही वेल मुळापासून बीपर्यंत विषारी आहे. कंद रताळ्यासारखा दिसतो, म्हणून स्वयंपाकघराजवळ ठेवू नका. लहान मुलं, शेळ्या यांच्यापासून लांब लावा. कुणाच्या पोटात गेलाच तर घरगुती उपाय न करता थेट दवाखाना गाठा.

दिवाळीनंतर पानं पिवळी पडली की पाणी बंद. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, उलटली तरी बंदच. कळलावी घरात लावली तर भांडणं लागतात म्हणतात. आमच्याकडे लागलं ते पाण्यावरूनच. कुंडी कोरडी बघून आईला दया आली, रोज तांब्याभर पाणी घालत राहिली. मृगात कुंडी पालथी केली तर कंदाचा लगदा निघाला. आता दिवाळीनंतर कुंडीवर खडूने लिहून ठेवतो: ‘झोपली आहे.’