घरच्या घरी लॅबचं ग्रूमिंग आणि घरभर उडणाऱ्या केसांचा बंदोबस्त

आमच्याकडे बंड्या आहे, पिवळा लॅब्रेडॉर, साडेसहा वर्षांचा, आणि आम्ही पुण्यात वन बीएचकेत राहतो. म्हणजे केस म्हणजे काय असतात ते मला विचारा. डाळीत केस, काळ्या पँटवर केस, फॅनच्या पात्यांवर केस. पहिली दोन वर्षं मी नुसती झाडत होते, सकाळ संध्याकाळ, आणि मग हळूहळू कळलं की केस जमिनीवर पडायच्या आधी कुत्र्याच्या अंगावरच पकडायचे, सगळं काम तिथे आहे. झाडू नंतर.

आधी हे समजून घ्या की लॅबला दोन थर असतात केसांचे. वरचे जाड, थोडे तेलकट, आणि खाली मऊ कापसासारखी लव. या जातीचे पूर्वज कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावर कोळ्यांसोबत थंडगार पाण्यात काम करायचे, पाणी कातडीपर्यंत जाऊ नये म्हणून हा कोट. तोच कोट घेऊन आपला कुत्रा पुण्या-मुंबईत बसलाय. ही खालची लव वर्षातून दोनदा भरभरून गळते, आमच्याकडे साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि परत पावसाळा संपताना, आणि फ्लॅटमध्ये रात्री उशिरापर्यंत लाइट असतात त्यामुळे मधल्या काळात पण थोडीथोडी चालूच राहते. गळणं बंद करणारं औषध नाही, तेल नाही, पावडर नाही. कोणी विकत असेल तर घेऊ नका.

आणि कृपा करून उन्हाळ्यात मशीन फिरवून टक्कल करू नका. हे मी कळकळीने सांगतेय कारण पहिल्या उन्हाळ्यात सगळे म्हणाले बिचाऱ्याला किती गरम होत असेल, आणि आम्ही एका पार्लरमध्ये नेऊन सगळे केस उतरवले. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून गार होतो, आणि तो केसांचा थर उन्हाला पण अडवतो. बंड्याचे पाठीवरचे केस वर्षभर नीट आलेच नाहीत, ठिगळं ठिगळं दिसायची, आणि गळणं काही कमी झालं नाही, उलट छोटे टोचरे केस सोफ्यात रुतून बसायचे जे निघतच नाहीत. शिह त्झू, पूडल यांचे केस वाढतच राहतात, ते कापावेच लागतात, ती वेगळी गोष्ट. पण लॅब, गोल्डन, जर्मन शेफर्ड, हस्की, स्पिट्झ यांना फक्त विंचरायचं. पग दिसतो छोट्या केसांचा पण तो पण भरपूर गाळतो, आणि आपली गावठी कुत्री पण गाळतात, कमी इतकंच.

आता सामान. तीन गोष्टी पुरतात. एक रबरी ब्रश, हातात मावणारा, बोथट दातांचा, रोजच्यासाठी. एक स्लिकर ब्रश, बारीक वाकड्या तारांचा, तो स्वतःच्या हातावर आधी फिरवून बघा, तुम्हाला ओरखडा उठला तर त्याला पण उठणार. आणि तिसरं डिशेडिंग टूल, म्हणजे खालची सैल लव ओढून काढणारं, ज्याला धातूची बारीक पाती असते. हे तिसरं फार जपून, आठवड्यातून एकदा, दहा मिनिटं, बास. मी सुरुवातीला उत्साहात अर्धा तास ओढत बसले कारण ढीगच्या ढीग निघत होता आणि बरं वाटत होतं, दुसऱ्या दिवशी कंबरेपाशी कातडी लाल. तेच टूल जास्त वापरलं तर वरचे चांगले केस पण तोडतं.

रोजचं विंचरणं दहा मिनिटांचं. आम्ही बाल्कनीत जुनी चादर घालून करतो, फॅन बंद. केस ज्या दिशेला आहेत त्याच दिशेने, मानेपासून शेपटीकडे, मांड्यांच्या मागे आणि मानेखाली जास्त वेळ द्या, तिथे लव जास्त साचते. पिल्लू असेल तर पहिल्या दिवशी दोनच मिनिटं, हातात खाऊ, ब्रश नुसता हुंगू द्या. धरून बांधून केलंत तर पुढची दहा वर्षं तो ब्रश बघून पलंगाखाली जाईल. गळण्याच्या मोसमात रोज, एरवी एक दिवसाआड चालतं.

आंघोळ. महिन्यातून एकदा पुरे, दर रविवारी घालायची गरज नाही, अंगावरचं तेल जातं आणि खाज सुटते मग केस अजून गळतात. माणसांचा शॅम्पू नको, बेबी शॅम्पू पण नको, कुत्र्याची कातडी आपल्याइतकी आम्लधर्मी नसते, त्यांचा वेगळा मिळतो तोच घ्या. आता क्रम लक्षात ठेवा, याचाच खरा फरक पडतो. आंघोळीच्या आधी कोरडं विंचरायचं. मग कोमट पाण्याने भिजवायचं, आणि इथे वेळ लागतो कारण लॅबच्या अंगावरून पाणी नुसतं ओघळून जातं, हाताने केस उलटे करून मगाने पाणी ओतत राहा, कातडी ओली झाली पाहिजे. मग शॅम्पू आणि तोच रबरी ब्रश फेसातच गोल गोल फिरवायचा, सैल झालेली सगळी लव इथे निघते, घरात उडायच्या ऐवजी मोरीत. मोरीच्या जाळीवर जुना पायमोजा किंवा बारीक जाळी लावा, नाहीतर पाइप तुंबतो आणि प्लंबर बोलवावा लागतो. धुताना फेस पूर्ण जाईपर्यंत धुवा, काखेत, जांघेत, शेपटीखाली राहतो तो, आणि तिथेच मग खाजवून खाजवून जखम करतात.

मग वाळवणं, आणि पावसाळ्यात तर सगळ्यात महत्त्वाचं हेच. वरून हात लावला तर कोरडा वाटतो पण आतली लव दोन दोन तास ओली असते, आणि त्या ओलीत एका रात्रीत लाल, चिकट, वास येणारा चट्टा उठतो. बंड्याला कानाखाली झाला होता, डॉक्टरांनी तिथले केस काढून औषध दिलं, आठवडा गेला. दोन पंचे घ्या, घासू नका, दाबून पाणी टिपा, मग घरातला हेअर ड्रायर गार हवेवर लावून हात मध्ये धरून फिरवा. गरम हवा अजिबात नाही. पूर्ण वाळल्यावर परत एकदा विंचरा, तेव्हा जे निघतं ते बघून तुम्हालाच पटेल.

पावसाळ्यात फिरून आल्यावर पण पंजे पुसा आणि बोटांमधली जागा कोरडी करा, आणि पुसताना गोचीड बघायचं. कानाच्या आत, पट्ट्याखाली, बोटांच्या बेचक्यात, काखेत. सापडलं तर चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ धरून सरळ ओढायचं, पिळायचं नाही, रॉकेल ओतायचं नाही, काडी लावायची नाही. गोचिडाने ताप येतो आणि तो जिवावर बेततो, त्यामुळे कुत्रा सुस्त, जेवत नाही, हिरड्या पांढुरक्या असं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. गोचिडाचं औषध वजनाप्रमाणे डॉक्टरांना विचारूनच, आणि घरात मांजर असेल तर ते आधी सांगा, कुत्र्याच्या काही औषधांमधलं परमेथ्रिन मांजराला विष आहे.

कान पंधरा दिवसांनी, कुत्र्यांचा इअर क्लीनर कापसावर घेऊन बाहेर दिसतो तेवढाच भाग पुसायचा, इअरबड आत घालायचा नाही. नखं फरशीवर टकटक वाजायला लागली की टोकं टोकं कापा, काळ्या नखात आतली रक्ताची शीर दिसत नाही म्हणून अगदी थोडं थोडं. रक्त आलंच तर कॉर्नफ्लॉवर दाबून धरा पाच मिनिटं.

आता घर. कोरडा झाडू सगळ्यात शेवटी, आधी फॅन बंद करून जरा ओलसर पोछा फिरवा, केस गोळा होऊन वळतात, झाडूने ते उडून परत सोफ्यावर बसतात. सोफा आणि गाडीच्या सीटसाठी भांडी घासायचा रबरी हातमोजा किंचित ओला करून एकाच दिशेने ओढा, कुठल्याही महागड्या रोलरपेक्षा हे भारी आहे. त्याची चादर, टॉवेल मशीनमध्ये टाकायच्या आधी गॅलरीत जोरात झटका, आणि आमच्या कपड्यांसोबत कधीच नाही. मशीनची जाळी दर वेळी आणि एसीचा फिल्टर मोसमात दर पंधरा दिवसांनी धुवा. कणीक मळताना मी स्वयंपाकघराचं दार लावून घेते, त्याला तिथे प्रवेश नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून ठेवला असता तर बरं झालं असतं.

खाण्याने पण फरक पडतो, प्रोटीन कमी असेल तर केस निस्तेज होतात. आम्ही आठवड्यातून दोनदा उकडलेला मासा देतो, काटे एक एक काढून, मीठ मसाला काही नाही. नुसता पोळी-दूध खाणारा कुत्रा कितीही विंचरा, कोट बरा दिसणार नाही.

आणि सगळीकडून सारखे गळत असतील तर ठीक, पण गोल चकत्या पडल्या, कातडी काळी किंवा जाड झाली, दोन्ही बाजूंना सारखंच टक्कल पडायला लागलं, वजन वाढलं आणि कुत्रा सतत झोपून आहे, किंवा रात्रभर खाजवतोय, तर ते शेडिंग, म्हणजे नेहमीचं केस गळणं, नाही. खरूज, बुरशी, थायरॉइड, काहीही असू शकतं आणि ते कातडी खरवडून किंवा रक्त तपासूनच कळतं. तेव्हा फोटो काढून ग्रुपवर विचारत बसू नका, त्याला घेऊन जा.