टीव्हीखालच्या पीसीत घरघरणारी डिस्क कशाला? या चुका टाळा

रात्री साडेदहाला पंखा बंद करून बाबा एका मैफलीचं जुनं रेकॉर्डिंग ऐकत होते. आलाप सुरू झाला आणि त्यांनी विचारलं, "अरे, मागे आणखी काय वाजतंय?" शोकेसमध्ये मी ठेवलेला पीसी वाजत होता. आत जुन्या डेस्कटॉपमधून काढलेली ३.५ इंची, ७२०० आरपीएमची हार्ड डिस्क होती. ७२०० आरपीएम म्हणजे सेकंदाला १२० फेरे, म्हणून तिची घुंघुं १२० हर्ट्झच्या आसपास, पांढरी एकच्या षड्जाच्या जरा खाली. तानपुऱ्याशी तो आवाज जुळणं शक्यच नव्हतं. गाणं ऐकणाऱ्या माणसाला हा त्रास आपण द्यायचा नाही, म्हणून हे सगळं लिहितोय.

सिनेमे हॉलमध्येच साठवायचे

मूळ चूक हीच. टीव्हीला जोडलेला पीसी हा क्लायंट आहे, म्हणजे दुसरीकडे साठवलेलं आणून फक्त दाखवणारा. सिनेमे, गाणी, फोटो दुसऱ्या खोलीतल्या नॅसवर (घरच्या नेटवर्कला जोडलेल्या डिस्कांच्या पेटीवर) किंवा जुन्या पीसीवर राहू द्या. घरघर करणाऱ्या मोठ्या डिस्का तिथेच शोभतात. क्लायंटला जागा लागते ती ऑपरेटिंग सिस्टिम, सिनेमे-गाणी लावणारं कोडीसारखं सॉफ्टवेअर आणि पोस्टर्स-थंबनेल्स एवढ्यांपुरती. लिब्रइलेक, म्हणजे फक्त कोडी चालवायला बनवलेली छोटी सिस्टिम, काहीशे एमबीत बसते, मोठ्या लायब्ररीची पोस्टर्स काही जीबी खातात. विंडोज ११ ची मागणी किमान ६४ जीबी. म्हणजे १२०–१२८ जीबीची साधी साटा (नेहमीच्या जुन्या जोडणीची) एसएसडी, म्हणजे चिपवर साठवणारी डिस्क, पुरून उरते. विंडोज असेल तर २४० घ्या, अपडेटला मोकळी जागा राहते. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे डिस्कच्या आवाजाचा प्रश्न तिथेच मिटतो.

गरज नसताना वेगाला पैसे मोजणं

दुकानात "४के बघायचंय ना, मग एनव्हीएमई घ्या" असं सांगतात. एनव्हीएमई म्हणजे साटापेक्षा कितीतरी वेगवान जोडणीची एसएसडी. हिशेब करून बघा. ४के ब्लू-रेचा कमाल वेग १२८ मेगाबिट, म्हणजे सेकंदाला १६ एमबी. साधी साटा एसएसडी सेकंदाला ५०० एमबीच्या पुढे वाचते. शिवाय सिनेमा येणार नेटवर्कवरून, क्लायंटच्या डिस्कचा त्यात संबंधच कमी. बंदिस्त टीव्ही युनिटमध्ये तापणारी एनव्हीएमई बसवली, तर तिची उष्णता बाहेर काढायला पंखा जोरात फिरणार आणि आवाज परत येणार. अर्थात मिनी पीसीत फक्त एम.२ स्लॉट (पट्टीसारखी एसएसडी बसवायची जागा) असेल तर वेगळी गोष्ट. तेव्हा घाई करू नका. एम.२ हा आकार झाला. आत साटा चालतं की एनव्हीएमई, हे मदरबोर्डच्या मॅन्युअलमध्ये बघा. साटावाल्या पट्टीला बहुधा दोन खाचा असतात, एनव्हीएमईला बहुधा एक. पट्टी स्लॉटमध्ये नीट बसते आणि तरी बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) दिसत नाही, याचं नेहमीचं कारण ही गल्लत. लांबीही मोजा: २२८० म्हणजे २२ मिमी रुंद, ८० मिमी लांब. काही छोट्या पीसीत २२४२ चीच जागा असते.

पेनड्राइव्हवर कायमचा संसार

लिब्रइलेक पेनड्राइव्हवरून चालतं, चाचणीला उत्तमच. पण कोडी आपला डेटाबेस आणि थंबनेल्स सतत लिहीत असतं. आपल्याकडे लाइट गेली की मशीन धाडकन बंद पडतं, आणि नेमकं लिहिणं चालू असताना ते झालं तर फाइल सिस्टिम बिघडते. रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकाच्या मेमरी कार्डांचंही हेच. कुठलंही माध्यम वापरा, पण कोडीचा बॅकअप नॅसवर ठेवा.

आणखी एक कळकळीची विनंती: फुकटात मिळाल्यासारखी "२ टीबी" एसएसडी किंवा पेनड्राइव्ह दिसला तर हात लावू नका. आत छोटी चिप असते आणि फर्मवेअर (तिच्या आतलं सॉफ्टवेअर) खोटी क्षमता सांगतं. घेऊन बसलाच असाल, तर विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू किंवा लिनक्सवर एफथ्री चालवा. ही साधनं पूर्ण जागा भरून परत वाचतात आणि खोटं उघडं पडतं.

जुनी डिस्कच वापरायची असेल तर

पैसे खरंच नसतील तर लॅपटॉपमधली २.५ इंची, ५४०० आरपीएमची डिस्क घ्या. तिचा आवाज बराच मऊ असतो. पण स्क्रूने थेट पातळ पत्र्याला आवळू नका. डिस्क थरथरते, तिच्याबरोबर कॅबिनेट थरथरतं आणि खालचं प्लायवूड तंबोऱ्याच्या भोपळ्याचं काम करतं. ओळखायचं कसं? रात्री सगळं शांत असताना कॅबिनेटवर तळहात दाबा. आवाज बदलला तर दोष कंपनाचा आहे. डिस्कखाली रबरी वॉशर घाला, किंवा ती जाड इलॅस्टिकवर झोळीसारखी टांगा. स्पंजात गुंडाळू मात्र नका, उष्णता कोंडते. मधूनमधून "टक" येत असेल तर बहुधा डिस्क वीज वाचवायला हेड बाजूला नेतेय. एपीएम (डिस्कची वीज वाचवायची सेटिंग) बंद केलं की ते थांबतं. लिनक्सवर हे एचडीपार्म या कमांडने होतं. टकटक वाढतच गेली आणि फाइल उघडायला वेळ लागू लागला, तर आधी डेटा दुसरीकडे हलवा.

सिनेमा अडकला की डिस्कला दोष

नवी एसएसडी घालूनही ४के अडखळतंय अशी तक्रार फार ऐकतो. आधी नेटवर्कचा लिंक स्पीड, म्हणजे केबलवरच्या जोडणीचा वेग, बघा. गिगाबिटला (१००० मेगाबिटच्या वेगाला) केबलमधल्या चारही जोड्या शाबूत लागतात. एक तार तुटली तर जोडणी अनेकदा गुपचूप १०० मेगाबिटवर उतरते आणि प्रत्यक्षात जेमतेम ९४ मिळतात. १२८ चा झोत त्यातून कसा जाणार? आमच्या घरी दाराच्या फटीत चिरडलेली केबल निघाली. ती बदलली आणि अडखळणं गेलं.

आणि संध्याकाळचा पहिलाच सिनेमा सुरू व्हायला आठ-दहा सेकंद लागत असतील, पुढचे लगेच लागत असतील, तर बिघाड काहीच नाही. आतल्या खोलीतली नॅसची डिस्क झोपलेली असते, तिला वेग घ्यायला तेवढा वेळ लागतो. खटकत असेल तर नॅसच्या सेटिंगमध्ये झोपेची वेळ वाढवा. क्लायंट उघडू नका.