‘बॉस लई कडक आहे’ म्हणतात ते नक्की काय? जुन्या लोकांकडून खरं काढून घ्यायचं कसं

ऑफर हातात आलेली असते, पगार बरा असतो, मालक एवढा मोठा की त्याचं नाव घरच्यांनाही माहीत, आणि जॉईन करायच्या आधी आपण रात्री मोबाईल घेऊन बसतो की बघू तरी आधीचे लोक काय म्हणतायत. तिथे दोनच प्रकार सापडतात. एक म्हणतो आयुष्यात जे शिकलो ते इथेच, दुसरा म्हणतो पार वाट लागली, झोप उडाली. आणि दोघंही खरंच बोलत असतात, खरी पंचाईत ती आहे. मी अशाच एका माणसाकडे साडेतीन वर्षं काढलीत, नाव सांगत नाही, पण सोडल्यावर पहिल्या महिन्यात कोणी विचारलं असतं तर मी जे बोललो असतो आणि आज जे बोलतो त्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणून म्हटलं, हे बोलणं ऐकायचं कसं ते लिहून टाकावं.

तर पहिलं काम, विशेषणं बाजूला ठेवा. डिमांडिंग, टॉक्सिक, व्हिजनरी, परफेक्शनिस्ट, यातून काहीही कळत नाही, प्रसंग मागा. आता बिल गेट्सचंच घ्या. जोएल स्पोल्स्की नावाचा माणूस १९९२ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टमध्ये एक्सेलच्या टीमवर होता, त्याने पुढे आपल्या पहिल्या ‘बिल रिव्ह्यू’ची, म्हणजे गेट्ससमोर काम तपासून घ्यायच्या मीटिंगची, गोष्ट लिहिली. शेकडो पानांचं स्पेसिफिकेशन पाठवलेलं, मीटिंगला गेट्स आला तेव्हा पानापानाच्या समासात त्याच्या हाताने लिहिलेले शेरे, आणि टीममधल्या एकाला कामच दिलेलं की साहेब किती वेळा शिवी देतात ते मोजायचं. प्रश्न एकापेक्षा एक अवघड होत गेले आणि शेवटचा आला तारखांवर, की एक्सेल आणि बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा, दोन्हीकडे तारखांचा हिशोब जुळतो का. स्पोल्स्कीने नेमकं तेच खणून ठेवलेलं, तो म्हणाला जुळतो, फक्त १९०० सालचा जानेवारी आणि फेब्रुवारी सोडून. झालं, मीटिंग संपली, शिव्यांचा आकडा निघाला चार, आणि बाकीचे म्हणाले एवढा कमी आकडा कधी ऐकला नव्हता. आता यातून ‘गेट्स शिवराळ होता’ एवढंच घेतलंत तर फुकट गेलं. मालक रात्री बसून सगळं वाचतो, त्याला आतलं कळतं, आणि तुमचा तुमच्या कामावर ताबा आहे का हे तो टोकाला नेऊन तपासतो, ही खरी माहिती, आणि ती एका प्रसंगात मिळाली. कुठलाही जुना कर्मचारी बोलत असेल तर त्याला एवढंच म्हणायचं, एक मीटिंग सांग ना, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, कोण काय बोललं.

दुसरं, बोलणारा कोण आहे ते बघा. तो मालकाच्या थेट हाताखाली होता की तीन पायऱ्या खाली? खूप वेळा मालक स्वतः ओरडतच नाही, तो एक वाक्य बोलतो आणि मधले लोक त्याचं दहापट करून खाली ओततात, मग खालचा माणूस मालकाच्या नावाने बोटं मोडतो ज्याला तो आयुष्यात दोनदा भेटलेला असतो. माझ्याकडे तर असं होतं की मालक ‘बघू या’ म्हणायचा आणि आमचा मॅनेजर त्याचं ‘उद्या सकाळपर्यंत पाहिजे’ करून आणायचा.

आणि तो कधी होता तेही विचारा. बीबीसी रेडिओवर २०१६ मध्ये गेट्सने स्वतःच सांगितलं होतं की सुरुवातीला त्याला सगळ्या कर्मचाऱ्यांच्या गाड्यांचे नंबर पाठ होते, पार्किंगकडे नजर टाकली की कोण आलंय कोण गेलंय कळायचं, पुढे कंपनी मोठी झाली तेव्हा ते सोडावं लागलं. म्हणजे त्या काळातला माणूस आणि दहा वर्षांनी आलेला माणूस एकाच मालकाबद्दल पूर्ण वेगळं सांगणार. दहा वर्षं जुना अनुभव ऐकायला भारी, निर्णय घ्यायला कामाचा नाही. मला विचाराल तर एक ते तीन वर्षांपूर्वी सोडलेला माणूस सगळ्यात चांगला, राग ओसरलेला असतो आणि तपशील अजून लक्षात असतात. कालच सोडलेला एकतर पेटलेला असतो नाहीतर घाबरलेला.

पैशाचंही बघा, हे लोक विसरतात. ज्याला शेअर मिळाले आणि कंपनी वर गेली त्याच्या आठवणी आपोआप गोड होतात, त्यात तो खोटं बोलतो असं नाही, घर झालं की जागलेल्या रात्री गंमतशीर वाटायला लागतात एवढंच. बऱ्याच कंपन्यांत शेअर चार वर्षांत थोडे थोडे हातात येतात आणि पहिल्या वर्षाच्या आत सोडलं तर काहीच नाही, त्यामुळे अकराव्या महिन्यात बाहेर पडलेला आणि पाचव्या वर्षी निघालेला यांचं पटणार कसं? शिवाय जाताना बऱ्याच जणांकडून सही घेतात की कंपनीबद्दल वाईट बोलणार नाही. कोणी अगदीच गुळमुळीत बोलतोय, ‘छान होतं, शिकायला मिळालं’ आणि पुढे एक अक्षर नाही, तर समजून घ्या, त्याला कोपऱ्यात घेऊ नका.

आता मुद्द्याचं. शंभर प्रश्न विचारायची ताकद नसेल तर एकच विचारा: वाईट बातमी घेऊन त्याच्याकडे कोण गेलं होतं आणि पुढे त्या माणसाचं काय झालं?

मालक ओरडतो का, रात्री दोनला मेसेज करतो का, हे सगळं नंतर. कारण दोन टोकं बघा. अॅपलमध्ये मॅकिंटॉश कॉम्प्युटर बनवणाऱ्या स्टीव्ह जॉब्सच्या टीममध्ये १९८१ पासून दरवर्षी एक बक्षीस द्यायचे, जॉब्ससमोर सगळ्यात चांगलं कोण उभं राहिलं त्याला. पहिली दोन वर्षं ते जोआना हॉफमनला मिळालं, तिसऱ्या वर्षी डेबी कोलमनला. जॉब्सला हे माहीत होतं आणि आवडायचंही, कोलमनकडे तर पुढे मॅकच्या उत्पादनाची जबाबदारी आली. माणूस भयानक बोलायचा यात वाद नाही, लोकांना तोंडावर गाढव म्हणायचा, पण त्याला ‘नाही’ म्हणणारी माणसं टिकली आणि वर गेली, हे तिथल्याच लोकांनी सांगितलेलं आहे.

आणि दुसरं टोक थेरानोस, एलिझाबेथ होम्सची रक्ततपासणीची कंपनी. एरिका चुंग आणि टायलर शुल्ट्झ, दोघंही कॉलेजमधून नुकतेच निघालेले, २०१३ मध्ये तिथे नोकरीला. रक्ताच्या तपासण्यांचे आकडे जुळत नाहीत हे दोघांना दिसलं. शुल्ट्झने थेट एलिझाबेथ होम्सला ईमेल लिहिला, उत्तर आलं तिच्या नंबर दोनच्या माणसाकडून आणि तेही अपमान करणारं, दोघांनीही २०१४ मध्ये नोकरी सोडली, आणि पुढे कंपनीचे वकील मागे लागले. खुद्द शुल्ट्झचे आजोबा त्या कंपनीच्या बोर्डावर होते तरी ही गत, बाकीच्यांचं काय झालं असतं विचार करा. चुंगने नंतर सरकारी यंत्रणेला कळवलं, आणि २०२२ मध्ये होम्सला अकरा वर्षं तीन महिन्यांची शिक्षा झाली. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही ठिकाणं सारखीच दिसली असती, तेच काळे टर्टलनेक, तीच गुप्तता, तेच ‘आपण जग बदलतोय’. फरक होता तो वाईट बातमी नेणाऱ्याचं काय झालं यातच.

त्यामुळे जुना माणूस सांगत असेल की साहेब लई ओरडले पण दुसऱ्या दिवशी बोलावून म्हणाले बरोबर होतं तुझं, तर ते एक. आणि ‘त्या पोराला दुसऱ्या दिवसापासून मीटिंगला बोलावणं बंद झालं’ असं दोन वेगवेगळ्या लोकांकडून ऐकलंत तर पगार कितीही असो, मी जाणार नाही. स्पेसएक्समध्ये जून २०२२ मध्ये काही कर्मचाऱ्यांनी मस्कच्या जाहीर वागण्यावर कंपनीच्या आतच खुलं पत्र फिरवलं, त्यानंतर आठ जणांची नोकरी गेली. पत्र योग्य की अयोग्य यावर तुम्ही वाद घाला, पण जॉईन करणाऱ्यासाठी ती माहिती आहे आणि ती फुकट मिळालीय.

विचारायचं कसं हेही सांगतो कारण लोक इथे माती खातात. ‘कंपनी कशी आहे सर?’ असा मेसेज टाकला तर उत्तर येत नाही, आलं तर ‘चांगली आहे’. त्यापेक्षा असं लिहा: नमस्कार, मला तिथे अमुक टीममध्ये ऑफर आहे, तुम्ही त्याच टीममध्ये होता असं दिसलं, पंधरा मिनिटं फोनवर बोलाल का, लेखी काही नको, कोणाला नाव सांगणार नाही. फोनवरच बोला, लेखी कोणी खरं सांगत नाही. आणि सुरुवात चांगल्यापासून करा, तिथलं काय मिस करता विचारा, माणूस खुलतो, मग हळूच, शेवटचा महिना कसा गेला? सोडायचं नक्की कुठल्या दिवशी ठरवलं? हा दिवस प्रत्येकाला आठवतो, आणि जे काय आहे ते त्यातच असतं. किमान तिघांशी बोला आणि त्यातला एकजण तरी काढून टाकलेला असू दे. काढलेल्याचं बोलणं कडू म्हणून लोक टाळतात, पण राजीनामा देणाऱ्याला निरोप समारंभ मिळतो, काढताना कंपनी कशी वागते ते यालाच माहीत.

तासांचं मात्र जुन्या लोकांना विचारत बसू नका, मालक स्वतःच बोललेला असतो. जेफ बेझोसने १९९७ च्या भागधारकांना लिहिलेल्या पत्रातच म्हटलंय की जास्त वेळ, जास्त कष्ट आणि जास्त हुशारी यातलं कुठलंही दोनच निवडायची सोय अॅमेझॉनमध्ये नाही, म्हणजे तिन्ही पाहिजेत. मस्कने २०१८ मध्ये जाहीर लिहिलं की आठवड्याला ४० तास काम करून कोणी जग बदललेलं नाही, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ट्विटर घेतल्यावर तीन आठवड्यांत ईमेल टाकला की इथून पुढे ‘हार्डकोर’ काम, मान्य असेल तर उद्या संध्याकाळपर्यंत हो म्हणा, नाहीतर तीन महिन्यांचा पगार घ्या आणि निघा. एवढं स्पष्ट सांगूनही लोक इंटरव्ह्यूत ‘वर्क-लाइफ बॅलन्स कसा आहे’ विचारतात, कमाल आहे.

बरं, हे सगळं ऐकूनही गेलात, जातातच लोक, मीही गेलो होतो. मग जुन्या लोकांच्या सवयी उचला. बड ट्रिबल नावाच्या मॅक टीममधल्या माणसाने १९८१ मध्ये नव्याने आलेल्या अँडी हर्ट्झफेल्डला जॉब्सबद्दल सांगून ठेवलेलं, की तो आज एखादी गोष्ट बकवास म्हणाला किंवा भारी म्हणाला तरी उद्या तसंच म्हणेल असं नाही, फिल्टर लावून ऐक. आणि तुझी आयडिया त्याला आवडली तर आधी मूर्खपणा म्हणेल, मग आठवड्याने तीच तुझ्याकडे स्वतःची म्हणून घेऊन येईल. हे मला पहिल्या वर्षी माहीत असतं तर माझे निम्मे वीकेंड वाचले असते, कारण मी प्रत्येक शेरा अंतिम हुकूम समजून सगळं पाडून परत बांधायचो आणि सोमवारी साहेब विचारायचे, आधीचं कुठे गेलं?

फिल्टर लावूनही सुटका नसेल तर ख्रिस एस्पिनोसाची युक्ती करा. १९८२ मध्ये तो मॅकचा कॅल्क्युलेटर बनवत होता, रोज दाखवायचा, रोज जॉब्स खोट काढायचा, रेघा जाड आहेत, बटणं मोठी आहेत. शेवटी त्याने एक छोटा प्रोग्रॅमच लिहिला, रेघांची जाडी, बटणांचा आकार, मागचा रंग, सगळं मेनूमधून बदलता येईल असं, आणि जॉब्सला म्हणाला घ्या, तुम्हीच बसवा. जॉब्सने दहाएक मिनिटं खटपट करून एक रूप पक्कं केलं आणि तोच कॅल्क्युलेटर पुढे कितीतरी वर्षं मॅकवर राहिला. तुमच्या कामात हे जमतंच: एक फायनल नेऊ नका, तीन पर्याय न्या, आकडे बदलता येतील अशी शीट न्या, त्याच्या हातात सूत्रं द्या.

बाकी किरकोळ. ‘माहीत नाही, चारपर्यंत सांगतो’ म्हणायला शिका आणि चारला सांगा, थाप मारली की अशा माणसाला वास येतोच. तोंडी दिलेली प्रत्येक डेडलाईन त्याच दिवशी ईमेलवर टाका. सहा महिन्यांचा खर्च बाजूला असू दे, तो असला की मीटिंगमध्ये आवाज आपोआप वेगळा लागतो. आणि किती वर्षं थांबायचं ते जॉईन करायच्या आधीच घरच्यांसमोर बोलून ठेवा, आत गेल्यावर ते ठरवता येत नाही. मी दोन वर्षं ठरवली होती, साडेतीन झाली.

मॅक टीमला एकदा राखाडी हुडी वाटली होती, त्यावर छापलेलं, ‘आठवड्याला ९० तास आणि मजा येतेय’. लोक ती अभिमानाने घालायचे. त्या मशीनचं हार्डवेअर ज्याने बनवलं त्या बरेल स्मिथने १९८५ मध्ये अॅपल सोडलं, घरी गेला, काळी टेप घेतली आणि हुडीवरच्या नव्वदमधल्या नऊवर फुली मारली.