गन शोला पहिल्यांदा जाताना: रास्त भाव कसा ओळखायचा

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये ब्राँझ मिळवलं. तेव्हापासून डॅलसमध्ये नव्याने आलेली आपली मुलं मला एकच प्रश्न विचारतात. "दादा, रायफल घ्यायची तर गन शोमध्ये स्वस्त पडते का?" मी वीसेक वर्षं टेक्सासात आहे, त्यातली तेरा-चौदा वर्षं या बंदुकांच्या जत्रांमध्ये हिंडलोय. कधी कधी स्वस्त पडते, हे खरं. पण भावाआधी तुमच्या पासपोर्टात काय आहे ते बघू.

एच-वन, एल-वन, एफ-वन, एच-फोर, बी-टू हे सगळे नॉन-इमिग्रंट व्हिसे. या व्हिशांवर आलेल्या माणसाला बंदूक किंवा दारूगोळा जवळ बाळगायला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने मनाई आहे. जवळ बाळगणं म्हणजे फक्त विकत घेणं नव्हे. मित्राच्या पिस्तुलाने नेमबाजीच्या रेंजवर चार गोळ्या झाडणंही त्यात धरलं जाऊ शकतं. शिवाय कायद्यातली 'दारूगोळा' ही व्याख्या फार रुंद आहे. काडतूस तर आलंच, पण नुसती पुंगळी (काडतुसाचं धातूचं टरफल), प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टिकली), बुलेट (पुढे उडणारी गोळी) आणि पावडर (आतली दारू) हेही सुटे सुटे त्यात मोडतात. रेंजवरून आठवण म्हणून खिशात टाकलेली रिकामी पुंगळीसुद्धा. राज्याचा वैध शिकारीचा परवाना असेल तर अपवाद आहे आणि काही जण त्या वाटेने जातात. माझा सल्ला असा की, त्या वाटेला जायचं तर आधी इमिग्रेशनच्या वकिलाला पैसे द्या, मगच दुकानदाराला. बंदुकीच्या गुन्ह्यावरून ग्रीन कार्डवाल्यालाही देशाबाहेर काढता येतं, तर व्हिसावाल्याचं काय होईल ते बघा. ग्रीन कार्डाचा अर्ज भरलाय, ईएडी (काम करण्याचा परवाना) आलंय, एवढ्यावर हात लावू नका. कार्ड हातात येऊ द्या.

त्या कार्डाची वाट लांब आहे, हे मला माहीत आहे. मीही पाहिली. तोवर नेमबाजीची हौस असेल तर दहा मीटरची एअर रायफल घ्या. केंद्रीय कायद्याच्या दृष्टीने ती 'फायरआर्म' नाही. न्यू जर्सीसारख्या काही राज्यांत मात्र तिलाही वेगळे नियम आहेत, ते आधी वाचा. आपल्याकडची बहुतेक पोरं एअर रायफलवरच घडतात, त्यामुळे यात काही कमीपणा नाही.

आता ज्यांच्याकडे ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व आहे त्यांच्यासाठी.

गन शो म्हणजे मोठ्या हॉलमधला बाजार. तिकीट काढून आत जायचं, दारात पोलीस किंवा रखवालदार तुमची बंदूक रिकामी आहे का बघून तिला प्लास्टिकची पट्टी बांधतो, आणि पुढे टेबलांच्या रांगाच रांगा. ओक्लाहोमातल्या टल्साचा वॉनेनमाकरांचा शो एप्रिल आणि नोव्हेंबरमध्ये एक्स्पो स्क्वेअरला भरतो. तिथे चार हजारांवर टेबलं लागतात आणि एका दिवसात सगळी बघून होत नाहीत. डॅलसहून गाडीने चारेक तास लागतात. नव्या माणसाने मात्र आधी जवळच्या लहान शोला दोन-तीनदा रिकाम्या हाताने जावं. पहिल्या खेपेला काहीही विकत घ्यायचं नाही, असं घरूनच ठरवून निघा.

टेबलावरच्या चिठ्ठीतला भाव हा भाव नसतोच. दारातून बाहेर पडेपर्यंत एकूण किती गेले, तो खरा भाव. आमच्याकडे सव्वाआठ टक्के विक्रीकर आहे. कार्ड वापरलं की बरेच जण तीन टक्के वर लावतात. मग तिकीट आणि पार्किंग. नेटवर पाचशेला दिसणारी तीच पिस्तूल मागवली, तर पाठवणी आणि तुमच्या गावच्या परवानाधारक दुकानदाराचा ट्रान्सफर आकार (बंदूक त्याच्यामार्फत तुमच्या हाती देण्याचे पैसे) वर चढतो, तो साधारण वीस ते पन्नास डॉलर. दोन्हीकडचे एकूण आकडे कागदावर लिहून खिशात ठेवा. नव्या पिस्तुलावर दुकानदाराला फार काही सुटत नाही, तिथे घासाघीस करण्यात वेळ घालवू नका. दोन जादा मॅगझिन (गोळ्या भरायची पेटी) किंवा होल्स्टर (पिस्तूल अडकवायची म्यान) मागा, ते मिळतात. घासाघीस वापरलेल्या मालात करायची. त्याचा भाव शोधताना ऑनलाइन लिलावांमध्ये लोक काय मागतायत हे बघू नका. संपलेले लिलाव उघडा आणि प्रत्यक्षात कितीला गेली ते बघा. मागणारा हजार मागतो आणि माल सहाशेला जातो, असं नेहमी दिसतं.

जुनी बंदूक हातात घेण्याआधी विचारा, आणि रिकामा चाप ओढण्याआधी पुन्हा विचारा. लहान टॉर्च जवळ असू द्या. नळीतून उजेड टाकला की गंज आणि खड्डे दिसतात. स्क्रूच्या खाचा झिजलेल्या असतील, तर कोणीतरी घरी उघडझाप केलेली आहे. कडा गोलसर झालेल्या आणि पोलादावरची निळाई (निळसर थर) अगदी नवी दिसली, तर पुन्हा पॉलिश झालेली असते. वापरायला ती चालेल, पण संग्राहकाचा भाव तिला देऊ नका.

एक उदाहरण आपल्याच घरचं सांगतो. टल्सात मला एका टेबलावर 'एनफिल्ड ३०३' अशी चिठ्ठी लावलेली रायफल दिसली. उचलून बघितली तर धातूच्या पट्टीवर आरएफआय (रायफल फॅक्टरी इशापूर) आणि अशोकस्तंभाचे सिंह. ती बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यातली, साठच्या दशकातली २ए१ मॉडेलची रायफल. दिसायला जुन्या ब्रिटिश ली-एनफिल्ड रायफलीसारखीच, पण ती ३०३ मापाच्या काडतुसाची नाहीच, ७.६२ नाटो मापाची आहे, आणि तिची चौकोनी मॅगझिन बारा गोळ्यांची. विकणाऱ्याला हे माहीत नव्हतं. मी त्याला सांगितलं, कारण चुकीचं काडतूस घालणं ही भावापेक्षा मोठी गोष्ट आहे. याच रायफली अमेरिकेत कापून आखूड करून 'जंगल कार्बाइन' म्हणूनही विकल्या गेल्या. खरी जंगल कार्बाइन ब्रिटिशांची, ३०३ची, दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीची. तिचा भाव कापलेल्या इशापूरला देऊ नका.

मी भुसावळचा. शेजारचे काका वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते, त्यामुळे टेबलाखालच्या खोक्यात पुंगळीच्या बुडावर 'ओएफव्ही' दिसलं तेव्हा क्षणभर माझे हात थांबले. खडकीची 'केएफ' शिक्क्याची जुनी ३०३ काडतुसंही अशीच सापडतात. ओढ वाटते, पण ती झाडण्यासाठी घेऊ नका. या जुन्या काडतुसांच्या प्रायमरमुळे नळीत क्षार राहतो आणि पाण्याने धुतली नाही तर ती गंजते. आणि पुंगळीच्या आत दोन बारीक भोकं असतात, म्हणून आपल्या नेहमीच्या साधनांनी ती पुन्हा भरता येत नाही.

आता रीलोडिंग, म्हणजे पुंगळ्या पुन्हा भरणं. खरा पैसा इथे वाचतो किंवा इथेच बुडतो. "घरी भरलं की स्वस्त" हे तुम्हाला प्रत्येक टेबलावर ऐकू येईल. हिशेब स्वतः मांडा. एक पौंड म्हणजे ७००० ग्रेन. आपला तोळा इंग्रजांनी १८० ग्रेनचा ठरवला होता, म्हणजे पौंडात जवळजवळ ३९ तोळे. सोनाराच्या काट्याइतकंच काटेकोर हे काम आहे. ९ एमएमच्या (पिस्तुलाचं नेहमीचं माप) एका काडतुसाला पाचेक ग्रेन पावडर धरा. चाळीस डॉलर पौंडाची पावडर असेल तर काडतुसाला जेमतेम तीन सेंट पडतात. प्रायमर ऐंशीला हजार, म्हणजे आठ सेंट. बुलेट दहा-बारा सेंट. झाले एकवीस ते तेवीस सेंट, आणि तुमची संध्याकाळ वेगळीच. कारखान्यातलं साधं ९ एमएम मला गेल्या वर्षी जवळपास तेवढ्यालाच मिळत होतं. उलट रायफलची ३०८ मापाची अचूक नेमाची काडतुसं बाजारात दोन डॉलरच्या आसपास जातात. तिथे चाळीसेक ग्रेन पावडरचे तेवीस सेंट, बुलेटचे पन्नास आणि प्रायमरचे आठ-नऊ, म्हणजे निम्म्याहून कमी. म्हणून केवळ ९ एमएमसाठी प्रेस (काडतूस भरायचं यंत्र) घेऊ नका. हे आकडे फक्त पैशाच्या हिशेबासाठी आहेत. प्रत्यक्ष किती ग्रेन भरायची ते पावडर बनवणाऱ्याच्या छापील तक्त्यातूनच घ्यायचं, टेबलावरच्या कोणाच्या तोंडून नाही.

प्रायमरच्या भावाचा इतिहास लक्षात ठेवा. २०२० आधी हजाराचा डबा तीस-पस्तीस डॉलरला सहज मिळायचा. महामारीत मागणी उसळली आणि २०२१ मध्ये शोमध्ये त्याच डब्यावर मी दोनशेची चिठ्ठी पाहिली. २०१२च्या डिसेंबरनंतर सॅंडी हूकच्या शाळेतल्या हत्याकांडाच्या पाठोपाठ साध्या २२च्या गोळ्याही शेल्फवरून नाहीशा झाल्या होत्या. घाबरलेल्या बाजारात खरेदी करू नका, माल परत येतो. बाजार शांत असताना वर्षभराचं घ्या. नेटवर प्रायमर आणि पावडर मागवली की धोकादायक मालाचा वेगळा आकार लागतो, तो शोमध्ये लागत नाही. एक-दोन डबेच हवे असतील तर शोचा भाव पाच-सात डॉलरने जास्त असला तरी परवडतो. दहा डबे हवे असतील तर तोच आकार दहांत वाटला जातो आणि नेट स्वस्त पडतं.

पुंगळ्या वजनावर विकल्या जातात तेव्हा पौंडाला ९ एमएमच्या साधारण ११५ आणि रायफलच्या २२३ मापाच्या ७५ येतात, हे डोक्यात ठेवून भाव काढा. मूठभर काढून बघा. स्टीलच्या, तडकलेल्या, ९ एमएममध्ये मिसळलेल्या आखूड ३८० मापाच्या पुंगळ्या किती आहेत? लष्करी पुंगळीत प्रायमरभोवती दाबलेली कडा असते, ती काढण्याचं काम तुमच्या अंगावर येतं. त्याचे पैसे कमी करायला सांगा.

दोन गोष्टी फुकट दिल्या तरी घेऊ नका. एक, दुसऱ्याने भरलेली काडतुसं. दोन, सील तुटलेला पावडरचा डबा. माझ्या दुसऱ्याच वर्षी एका टेबलावरून वीस डॉलरला अर्धा डबा घेतला. घरी उघडला तर दाण्यांचा आकार डब्यावरच्या नावाशी जुळेना. आत काय आहे हे सांगायला जगात कोणी नव्हतं. टाकून दिला. चुकीची पावडर बंदूक फोडते आणि बंदूक डोळ्यांपासून वीतभर अंतरावर असते.

जुना प्रेस आणि डाय (प्रेसमध्ये बसणारे साचे) मात्र डोळे झाकून नाही, पण निश्चिंत घ्या. आरसीबीएस कंपनीचा ओतीव लोखंडाचा रॉक चकर प्रेस पिढ्या टिकतो. माझा मी एका म्हाताऱ्या गृहस्थांकडून तीन डाय सेटसह पंचाहत्तर डॉलरला घेतला. वारलेल्या मित्राचं सामान ते त्याच्या बायकोसाठी विकत होते. त्यांनी नव्वद मागितले, मी साठ म्हणालो आणि त्यांचा चेहरा बघून लगेच पंचाहत्तरवर आलो. अशा टेबलावर बाजारातल्या मेथीच्या जुडीसारखी ओढाताण करू नये. त्यांनी मला नंतर पाऊण तास प्रेस कसा लावायचा ते शिकवलं.

भाव करायची वेळ रविवारी दुपारची. आठवडी बाजार उठताना जसं होतं तसंच, माल पुन्हा ट्रकमध्ये भरायचा कंटाळा असतो. रोख नोटा हातात धरा आणि विचारा, "कॅश, आउट द डोअर, किती?" याच शब्दांत विचारा. मात्र चांगली वस्तू शनिवारी सकाळीच जाते, म्हणून नेमकं एखादं मॉडेल हवं असेल तर पहिल्या तासात जा आणि थोडे जास्त द्या.

कागदपत्रांचं. परवानाधारक दुकानदाराकडून घेताना ४४७३ नावाचा फॉर्म भरावा लागतो. रायफल-शॉटगनला अठरा आणि पिस्तुलाला एकवीस वर्षं पूर्ण हवीत. ग्रीन कार्ड बरोबर न्या. ड्रायव्हिंग लायसन्सवरचा पत्ता आजचाच हवा. आपण दर वर्षी अपार्टमेंट बदलतो आणि तिथेच अडतो. पत्ता जुना असेल तर गाडीच्या रजिस्ट्रेशनसारखा नव्या पत्त्याचा सरकारी कागद लागतो. मग एफबीआयची तपासणी होते. आपल्या नावांचे सारखे लोक पुष्कळ, त्यामुळे 'डिलेड' असं उत्तर आलं तर घाबरू नका. पण बंदूक तेव्हा दुकानदाराकडेच राहते, आणि त्याचं दुकान दोनशे मैलांवर असलं तर सगळी बचत पेट्रोलमध्ये गेली. म्हणून भाव विचारायच्या आधी दुकान कुठे आहे ते विचारा. टेक्सासचा माणूस टल्सात पिस्तूल घेऊन घरी आणू शकत नाही, ती तुमच्या राज्यातल्या दुकानदाराकडे पाठवावी लागते. रायफल दुकानदाराकडून तिथेच घेता येते, दोन्ही राज्यांचे नियम पाळून. इलिनॉयमध्ये तर काडतुसांनाही ओळखपत्र लागतं, तेव्हा आपापल्या राज्याचं आधी वाचा. खासगी माणसाशी व्यवहार टेक्सासात तपासणीविना होतो, तरी नवीन आहात तोवर परवानाधारकाकडूनच घ्या.

आणि मित्राचा फोन येईल. "तुझं कार्ड आलंय ना, माझ्यासाठी घे, मी पैसे पाठवतो." हे आपण फोनच्या सेलला करतो, इथे करायचं नाही. दुसऱ्याच्या पैशाने दुसऱ्यासाठी घेऊन फॉर्मवर स्वतःसाठी म्हणून सही करणं हा गुन्हा आहे. २०२२च्या कायद्यानंतर अशा खरेदीला पंधरा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

तिजोरीचा खर्च बंदुकीच्या किमतीतच धरा. आईबाबा बी-टूवर सहा महिने राहायला येतात, भाऊ एफ-वनवर असतो. व्हिशावरच्या मनाईमुळे तिजोरीचा नंबर त्यांना देऊ नका. मुलांना तर नाहीच.

भारतात जाताना रेंजची पिशवी प्रवासाला कधीच वापरू नका. कप्प्यात विसरलेलं एक काडतूस मुंबईच्या विमानतळावर मिळालं तरी आर्म्स ॲक्ट, १९५९ खाली गुन्हा दाखल होऊ शकतो. माझी पिशवी भगव्या रंगाची आहे, तशी घरात दुसरी कुठलीच नाही, आणि ती गराजच्या खुंटीवर असते. बॅगा भरायला लागल्या की बायको आधी ती खुंटीवर आहे का ते बघून येते.