महाबळेश्वरला फिरायला येताय? गाडीच्या बाबतीत या चुका टाळा

साताऱ्यात राहतो म्हटल्यावर सीझनला पाव्हण्यांचे फोन ठरलेले. प्रश्न एकच, महाबळेश्वरला काय काय बघायचं? अहो बघायचं काय ते मोबाईलवर सापडतं, फिरायचं कशानं ते विचारा की आधी, कारण लोकांचा निम्मा दिवस पॉइंटवर नाही, गाडीत बसून जातो. दरवर्षी तेच तेच सांगून तोंड दुखलं म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

सगळ्यात मोठी चूक, वर पोचल्यावरही जिकडंतिकडं स्वतःचीच गाडी काढणं, आणि तीपण शनिवार-रविवारी. मागं नाताळच्या सुट्टीत ठाण्याहून भाचा आला होता, मुक्काम पाचगणीत. मी सांगितलं होतं दुपारी लवकर निघ, पण नवीन गाडी आणि मॅपवर विश्वास, काय ऐकतोय. जेवणं निवांत उरकून चारनंतर निघाले मुंबई पॉइंटला सूर्यास्त बघायला. पाचगणी ते महाबळेश्वर 20 किलोमीटरच्या आत, म्हणजे पाऊण तास धरला. वेण्णा लेकपाशी रांग लागली ती हलेचना. एका बाजूला घोडेवाले, दुसऱ्या बाजूला कणसं आणि स्ट्रॉबेरी क्रीमच्या गाड्या, फोटोसाठी रस्त्यातच थांबलेली मंडळी, त्यात कुणीतरी शहाणा उजवीकडनं पुढं घुसला, समोरनं एसटी आली, झालं कल्याण. मला फोन, "मामा, दुसरा रस्ता आहे का कुठला?" अरे बाबा डोंगरावर दुसरा रस्ता कुठनं आणू तुला. मागच्या सीटवर आमची ताई, गुडघा आखडलेला, ती वेगळीच चिडलेली. सूर्य मावळला तेव्हा ही सगळी कणसाच्या गाडीसमोर.

दुसऱ्या दिवशी गाडी हॉटेलवरच ठेवायला लावली आणि महाबळेश्वरच्या स्टँडजवळनं टॅक्सी करून दिली. त्यांच्या ट्रिपा ठरलेल्या असतात, महाबळेश्वर दर्शन, प्रतापगड, पाचगणी वगैरे. बसायच्या आधी तीन गोष्टी विचारायच्या: पॉइंट कुठले कुठले, वेळ किती, थांबल्याचे वेगळे पैसे का. ते न विचारता बसायचं आणि संध्याकाळी लुटलं म्हणून बोंब मारायची, याला अर्थ नाही. पैसे वाचवायला स्वतःची गाडी काढणारे पार्किंग शोधण्यात आणि घाटात पेट्रोल जाळण्यात तेवढेच घालवतात, वर ड्रायव्हरला दरीकडं बघताही येत नाही.

माझा क्रम सांगतो, पटला तर घ्या. सकाळी चहा मारून थेट आर्थर सीट पॉइंट, नाश्ता नंतर. येताना त्याच रस्त्यावर क्षेत्र महाबळेश्वर, तिथं पंचगंगेचं देऊळ. मार्केट आणि लेक दुपारच्या गर्दीत नकोच. प्रतापगड पोलादपूरच्या बाजूला, 20-25 किलोमीटर घाट उतरून, त्याला अर्धा दिवस वेगळा ठेवा. एका दिवसात प्रतापगड, पाचगणी, वाईचा गणपती सगळं उरकणारे महाभाग भेटतात, त्यांना विचारलं काय बघितलं तर फोटो दाखवतात.

आता दुसरी चूक, हिच्यावर माझं डोकं जास्त फिरतं. पसरणी घाट किंवा मेढ्याकडचा केळघर घाट उतरताना पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करायची आणि सगळा भार ब्रेकवर टाकायचा. खाली येईपर्यंत जळका वास सुटतो, चाकाजवळ धूर, पेडल मऊ लागायला लागतं. ब्रेक तापून त्याचं ऑइल उकळलं की पाय दाबून उपयोग नसतो. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, दुसरा नाहीतर तिसरा, इंजिनच गाडी धरून ठेवतं. ऑटोमॅटिक असेल तर त्यातही खालचा गिअर असतो, लिव्हरवर बघा जरा. आणि वास आलाच तर बाजूला घेऊन थांबा, तापलेल्या डिस्कवर बाटलीतलं पाणी ओतू नका, चिरते ती. घाईला तर उत्तरच नाही, वळणावर ओव्हरटेक करून पुढं जाणारा खाली वाईत शेजारीच उभा दिसतो.

बाकीच्या पटापट. पावसाळ्यात मुंबईहून पोलादपूर-आंबेनळी घाटानं यायचं असेल तर निघायच्या दिवशी चौकशी करा, दरडी पडून तो घाट बंद होतो. पुण्याहून शनिवारी सकाळी आरामात निघालात तर खंबाटकी घाट तुम्हाला अडवणारच. वर ॲपवरची कॅब मिळेल या भरवशावर येऊ नका. रेल्वेनं येणार असाल तर सातारा स्टेशन गावाबाहेर माहुलीला आहे, उतरल्यावर स्टँड गाठायला रिक्षा लागते. फुलांच्या दिवसांत कास पठारावर जाणार असाल तर बुकिंग आधी करा, गेटवर हुज्जत घालून आत सोडत नाहीत.

आणि एसटीला नाकं मुरडू नका. साताऱ्याहून मेढामार्गे गाडी जाते, स्वारगेटवरनं वाई-पाचगणी करत येते, बायकांना 2023 पासून अर्धं तिकीट आहे, 75 च्या पुढच्यांना तर फुकट, आजी-आजोबांचं आधार कार्ड फक्त जवळ ठेवा. फक्त परतीची शेवटची गाडी कितीला ते वर उतरल्या उतरल्या कंट्रोलरच्या खिडकीवर विचारून घ्या, नेटवरचं टाइमटेबल धरून बसू नका.